शाडूतला बिबट्या पेंढा भरल्यासारखा का दिसतो?

शाडूकर (पेण):
नमस्कार मंडळी. आमच्याकडे तीन पिढ्या गणपतीच्या मूर्ती होतात. हंगाम संपला की मी हल्ली प्राणी करतो. दीड फुटी बिबट्या केला. ठिपके, मिशा, मानेवरचे केस, सगळं कोरणीने काढलं. बघणारे वा वा म्हणतात, मला मात्र तो पेंढा भरलेला वाटतो. कुठे चुकतंय? वय ५२, पण शिकायची तयारी आहे.

रानवाट:
रेम्ब्रांट बुगाटी या शिल्पकाराची कामं बघा. बुगाटी मोटारवाल्या एत्तोरेचा धाकटा भाऊ. पॅरिस आणि अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यासमोर तासन्‌तास बघत राहायचा आणि तिथेच प्राणी घडवायचा. महायुद्धात अँटवर्पचे प्राणी मारावे लागले. १९१६ साली, ३१व्या वर्षी त्याने जीवन संपवलं. त्याचे हत्ती बघताना अजून गलबलतं.

टाकी-हातोडा:
दादा, तुमच्या बिबट्याचं औषध फ्रेंच शिल्पकार फ्रान्स्वा पाँपाँकडे आहे. जन्म १८५५, बाप सुतार. पाँपाँने उमेदीची वर्षं दुसऱ्यांचे संगमरवर कोरण्यात घालवली, नामवंत शिल्पकार रोदाँच्या कार्यशाळेतसुद्धा. स्वतःचं पांढरं अस्वल १९२२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं तेव्हा तो ६७ वर्षांचा होता! म्हणून ५२चं मनावर घेऊ नका.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मी त्या दगडी अस्वलापुढे उभी राहिले आहे. लांबी अडीच मीटर, उंची जवळजवळ माझ्याएवढी. अंगावर एक केस नाही, तरी ते चालतंय. मी बाजूने सरकत गेले तशी पाठीची रेघ बदलत गेली.

पिसं, केस, सगळं पाँपाँही आधी करायचा. मग एकेक पुसत जायचा, आकार आणि चाल उरेपर्यंत. गळ्यात फळी अडकवून, तिच्यावर माती ठेवून कोंबड्या-बदकांमागे हिंडायचा.

तुम्ही एक करा. खोलीत एकच दिवा लावून बिबट्याची सावली भिंतीवर पाडा. सावलीत बिबट्या ओळखू आला नाही, तर दोष केसांचा नाही.

शाडूकर (पेण):
ताई, काल रात्री सावली पाडली. कुत्रा वाटला. चारही पाय पाटावर मांडल्यासारखे सारखे झालेत. चालताना बिबट्याचा खांदा पाठीच्याही वर येतो, तो मी केलाच नव्हता. माती ओली केली, मानेवरचे केस पुसले, पुढचा उजवा पाय कापून नव्याने जोडतोय. आतली सळई वाकवायला लागेल. फोटो रविवारी टाकतो.