मायक्रोफिल्म प्रोसेसर: फिल्मवर लांबलचक ओरखडा आणि धुरकटपणा, मदत हवी आहे

दफ्तरवाली:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितेय. आमच्याकडं मोडी कागदांचे जुने रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) ३५ एमएम फिल्मवर फोटो काढून घ्यायचं काम चालू आहे आणि फिल्म आम्हीच धुतो, टेबलावरचा छोटा प्रोसेसर आहे, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं), धुण्याच्या दोन टाक्या आणि पुढं ड्रायर. मशीन जुनं, मॅन्युअलची निम्मी पानं गायब, आणि ज्यांना यातलं कळायचं ते साहेब रिटायर होऊन गावी गेले.

तर गेले तीन आठवडे दोन भानगडी चालू आहेत. एक म्हणजे रोलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक सरळ ओरखडा येतोय, कायम डाव्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर. निगेटिव्हमध्ये अक्षर पारदर्शक आणि हा ओरखडाही पारदर्शक, त्यात तो ओळीला समांतर, मग शिरोरेघ कुठली आणि ओरखडा कुठला हेच कळेना झालंय! दुसरं, अक्षरं पहिल्यासारखी काचेसारखी स्वच्छ येत नाहीत, धुरकट दिसतात. डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा काळेपणा मोजायचं यंत्र) फिल्मचा कोरा, उजेड न लागलेला भाग आधी ०.०५ दाखवायचा, आता ०.१८. नवीन डेव्हलपर भरला की दोन दिवसांत चहासारखा होतो. टेंपरेचर तपासलं, बरोबर आहे. फिल्मचं खोकं बदललं, तरी तेच. काय करू?

उद्यमनगरकर:
ताई, फिल्मचं मला काय कळत नाही, पण सरळ ओरखडा म्हणजे कुठलातरी रोलर फिरत नसणार बघा. बुश, म्हणजे रोलरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलं असंल. रोलर काढून आणा, गनमेटलचं बुश टर्न करून देतो, अर्ध्या तासाचं काम, दहा वर्षं बघायला नको.

दफ्तरवाली:
दादा, बुश तर महिन्याभरापूर्वीच बदललंय की, तुमच्या उद्यमनगरातच! डेव्हलपरच्या टाकीतला तळाचा रोलर खडखड करत होता म्हणून. गनमेटलचंच बसवलंय, चकाचक.

जुनाफिक्सर:
अहो ताई, हे तुम्ही सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं! सापडला तुमचा चोर. गनमेटल म्हणजे तांबं आणि कथील, आणि या दोन्ही गोष्टी डेव्हलपरच्या वैरी. तांब्यानं डेव्हलपर झपाट्यानं सडतो आणि फिल्मवर धूर चढतो. पितळ, तांबं, गनमेटल, जस्त यातलं काहीही त्या टाकीत जाता कामा नये, अगदी ढवळायचा चमचासुद्धा. प्लास्टिक, नायलॉन किंवा ३१६ स्टेनलेस एवढंच चालतं. उद्यमनगरकर, रागावू नका, पंपाला गनमेटल झकास, इथं नको.

आता ओरखड्याचं. खूण ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा आली असती तर दोष फिरत्या रोलरचा, मग ते अंतर मोजून ३.१४ नं भागायचं, येईल त्या व्यासाचा रोलर शोधायचा. म्हणजे ७.५ सेंमीला खूण असेल तर साधारण २.४ सेंमीचा रोलर. तुमची रेघ अखंड आहे, म्हणजे अडकलेला रोलर नाहीतर एखादी स्थिर गोष्ट. नवं बुश घट्ट बसलं असणार. पण कॅमेऱ्यावरचा संशयही फेडून घ्या, दीड-दोन मीटर कोरी फिल्म उजेडात धरा, कॅमेऱ्यात न घालता थेट प्रोसेसरमध्ये सोडा. काळी होऊन बाहेर येईल, तिच्यावर रेघ दिसली तर कॅमेरा निर्दोष सुटला.

आणि बुशला तेल घालायचा मोह आवरा. फिल्म पॉलिएस्टरची असेल तर अडकल्यावर ती तुटत नाही, मशीनच तुटतं, तेव्हा हातानं ओढाओढीही नको.

दफ्तरवाली:
काका, रेघ आली! काळ्या तुकड्यावर लख्ख दिसतेय. रॅक (रोलर बसवलेला सांगाडा) बाहेर काढला तर तळाचा रोलर बोटानंही फिरेना आणि बुशच्या कडेला हिरवट थर. फोटो टाकायचा होता पण हात डेव्हलपरनं माखलेले.

उद्यमनगरकर:
चुकलं बघा ताई. नायलॉनचा रॉड आहे माझ्याकडं, थोडं ढिलं ठेवून करून देतो, पैसे नकोत.

जुनाफिक्सर:
नायलॉन पाण्यात थोडं फुगतं, तेवढी जागा सोडा. जुना डेव्हलपर ठेवू नका, टाकी, रॅक, पाइप सगळं दोन-तीनदा पाण्यानं धुवा. भरताना आधी फिक्सर, सांडलेलं पुसून घ्या आणि मग डेव्हलपर. फिक्सरचे शिंतोडे डेव्हलपरमध्ये गेले तर पुन्हा रडगाणं. संध्याकाळी रोलर कोमट पाण्यानं धुऊन ठेवत जा, हायपो (फिक्सरमधलं रसायन) वाळून खडे धरतो आणि सकाळी तेच खडे फिल्म खरवडतात.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा धुण्याच्या टाकीचा फिल्टर रोज बघा. हायपो फिल्मवर राहिला की वर्षांनी डाग पडतात, ५०० वर्षं टिकायच्या फिल्मला चौरस मीटरला जास्तीत जास्त ०.०१४ ग्रॅम चालतो. तपासायला लॅबकडं तुकडा पाठवत जा.

दफ्तरवाली:
अपडेट: नायलॉन बुश बसलं, नवा डेव्हलपर चार दिवस झाले तरी स्वच्छ आहे, कोरा भाग ०.०६, रेघ गायब. दादा, काका, लई आभार. खराब झालेल्या ११ रोलचं मात्र काय करायचं? सगळे पुन्हा घ्यायचे का?

जुनाफिक्सर:
नुसते धुरकट असतील आणि वाचता येत असतील तर राहू द्या. रेघ जिथं अक्षरांवरनं गेलीय तेवढी पानं पुन्हा घ्या आणि रोलच्या टोकाला जोडा, रजिस्टरात नोंद विसरू नका. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका हं, त्यात चांदी असते. चांदीच्या कामाचं हुपरी काही लांब नाही तुम्हाला.