मदत हवी आहे: जुन्या कार्डांसाठी कोणत्या स्लीव्ह घ्याव्यात?

शाईपेन:
आजोबांची जुनी कार्डं सापडलीत. साध्या प्लास्टिक फोल्डरमध्ये घातली तर सरकतात, शिवाय आता कार्डांनाच प्लास्टिकचा वास यायला लागलाय. चांगल्या स्लीव्ह कुठल्या? कडक होल्डर की मऊ? बहीण रविवारी पुण्याहून येतेय, तिला आणायला सांगायचंय. लवकर सांगा.

पत्तेपिसे:
आधी मऊ स्लीव्ह, वर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लास्टिकचं पाकीट. अडीच बाय साडेतीन इंची घ्या. माझी क्रिकेटची कार्डं सगळी तशीच आहेत.

शाईपेन:
क्रिकेटची नाहीत हो, पोस्टकार्डं!

घाटमाथा:
कोरी की लिहिलेली? शाई की पेन्सिल? राहता कुठे? काहीच सांगत नाही आणि म्हणे लवकर.

शाईपेन:
लिहिलेलीच असणार ना! शाईनं, दोन्ही बाजूंनी. दीडदोनशे. रत्नागिरी.

बंडूकाका:
लॅमिनेट करून टाका. आमची लग्नपत्रिका अजून जशीच्या तशी आहे.

घाटमाथा:
काका, कृपा करा. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक कागद न फाडता सुटत नाही.
शाईपेन, त्या वासावरून फोल्डर पीव्हीसीचं वाटतंय. ते मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि शाई प्लास्टिकला चिकटते. कार्डं आजच बाहेर काढा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या स्लीव्ह घ्या. आपलं टपालखात्याचं कार्ड साधारण 14 × 9 सेंमी, तेव्हा आतून अर्धा सेंमी जास्त हवं. झाकणाला गोंदपट्टी असलेल्या नकोतच, कार्ड काढताना नेमकं तिथं चिकटतं.

प्रयोगवेडा:
पीव्हीसी ओळखायचंय? तांब्याची तार लाल तापवा, प्लास्टिकला टेकवा, परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, तो पीव्हीसीत असतो.

घाटमाथा:
आणि तो धूर कोण हुंगणार? दुकानदाराला विचारा की सरळ.

प्रयोगवेडा:
दुकानदार सगळ्यालाच 'चांगल्यातलं आहे' म्हणतो. तार गच्चीवर तापवावी.

नाणेघाट:
तंजावरच्या मंदिराचं चित्र असलेली हजाराची नोट आहे माझ्याकडे, 1978 मध्ये बंद झाली ती. किती येतील?

बंडूकाका:
वेगळा धागा काढा. बाकी आपल्याकडे पोस्टकार्ड 1879 मध्ये सुरू झालं, पाव आण्याला. आता मुलं साधं खुशालीचं लिहीत नाहीत.

शाईपेन:
काका, होल्डर! कडक की मऊ?

घाटमाथा:
अल्बममध्ये ठेवायची तर मऊ. हातोहात फिरणारी किंवा कोपरे मोडलेली असतील तेवढ्यांनाच कडक, पण तोही पीव्हीसीचा नको. टॉपलोडर बहुतेक त्याचेच असतात. आणि रत्नागिरीत भर पावसात भरू नका, आतली ओल आतच राहील. डब्यात सिलिका जेल ठेवा, कार्डांना टेकवून नको.

पत्तेपिसे:
माझ्या टॉपलोडरना आजवर काही झालेलं नाही.

घाटमाथा:
छापील कार्डांना आतल्या स्लीव्हमुळे निभावलं असेल. इथं शाई आहे.

शाईपेन:
बहीण विचारतेय, स्लीव्ह किती मायक्रॉन जाडीच्या?

घाटमाथा:
50 च्या आसपास पुरे.

बंडूकाका:
लॅमिनेशनला 125 चांगलं.