नवीन कॉम्प्युटर: दुकानदार म्हणतो म्हणून आय-७ घ्यायचा का?

कोथरूडकर:
इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की पुण्यात घरोघरी नव्या कॉम्प्युटरचा विषय निघतो. दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला: "आय-७ घ्या, पाच-सात वर्षं बघायला नको." इंटेल कंपनीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर घ्यायचा हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यापायी लोकांचे कष्टाचे पैसे वाया जातात, असं माझं ठाम मत आहे.

प्रोसेसर सहसा हळू झाला म्हणून टाकावा लागत नाही, कंपन्यांनी त्याला वाऱ्यावर सोडलं म्हणून टाकावा लागतो. विंडोज ११ आलं २०२१ मध्ये. इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे, एएमडीचे साधारण रायझन २००० पासून पुढचे, एवढेच विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत. २०१७ च्या जानेवारीत आलेला सातव्या पिढीचा आय-७ ७७००, चार कोर (काम करणारे गाभे), आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं), यादीबाहेर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला आय-३ ८१००, चार कोर, चारच थ्रेड, यादीत! वेगात आय-७ पुढे होता, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हा जास्त पैसे मोजणारेच अडकले.

म्हणून आय-३, आय-५, आय-७ या दर्जापेक्षा पिढी बघा. चालू पिढीतला सहा कोरचा मधला प्रोसेसर घ्या. वाचलेले पैसे रॅम, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) आणि चांगल्या मदरबोर्डवर घाला. २०१७ च्या एएम४ (एएमडीचा प्रोसेसर बसवायचा सॉकेट) बोर्डांपैकी अनेकांवर बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसला. आज त्याच्या पुढचा एएम५ सॉकेटचा बोर्ड घेतलात तर पुढे तशी वाट मोकळी राहते.

हडपसर_व्हिडिओवाला:
साफ असहमत. "आज बोर्ड, प्रोसेसर नंतर" हे ऐकायला छान वाटतं, पण किती घरांत तो नंतरचा प्रोसेसर खरंच येतो? मुलगा शिकून नोकरीला लागतो, लॅपटॉप घेतो, विषय संपतो. ज्याला एकदाच खर्च करायचाय त्याने सुरुवातीलाच दमदार घ्यावा.

शिवाय तुम्ही काम कुठलं ते विचारतच नाही. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. हल्लीचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी, म्हणजे जास्त रंगतपशिलाचा पण कॉम्प्युटरला जड जाणारा व्हिडिओ, देतात. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांत ग्राफिक्ससोबत क्विकसिंक (व्हिडिओ झटपट उलगडणारी सोय) येतं, त्यामुळे ही फुटेज टाइमलाइनवर अडखळत नाही. लग्नसराईत एकेका रात्रीचा हिशोब असतो. तिथे मला "मधला घ्या" सांगू नका.

औंधची_मीनल:
कोथरूडकर, पिढी बघा म्हणता, पण पिढीचा आकडा तरी खरा कुठे असतो? रायझन ५ ७५२०यू हा लॅपटॉपचा प्रोसेसर नावावरून ७००० मालिकेतला. आतला गाभा झेन २ ही एएमडीची जुनी रचना, म्हणजे मूळ २०१९ चा. इंटेलची डेस्कटॉपची चौदावी पिढी म्हणजे बहुतांशी तेराव्याचंच थोडं वाढवलेलं रूप. आकडा बघून घेणारा माणूस इथेही फसतोच. आणि फसतात ते आपल्यासारखे, ज्यांच्या घरी सांगणारं कुणी नाही.

कोथरूडकर:
मीनलताई, मुद्दा रास्त आहे, पण त्याने माझं म्हणणं मोडत नाही. पिढी म्हणजे खोक्यावरचा आकडा नव्हे, आतला गाभा कोणत्या वर्षीचा ते. मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. पाच मिनिटं द्यायलाच हवीत.

हडपसरकर, रोजीरोटीचं काम असेल तर वरचा घ्याच, माझा वाद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो गळ्यात मारण्याशी आहे. आय-७ १४७००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो. रायझन ५ ७६०० चा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॉट. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ही उष्णता कुठे जाणार? मग मोठा कूलर, मोठा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), दणकट बोर्ड. खर्च एकट्या प्रोसेसरवर थांबत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्याच्या तक्रारी आल्या, त्याही मुख्यतः आय-७ आणि आय-९ च्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर कुणी घेतला असेल तर आधी बायोस अपडेट करा.

पिंपळे_सौदागर:
मला तर हे दोन्ही पटत नाही. सहा महिने थांबावं. नवीन येतंच असतं, जुन्याचा भाव उतरतो.

सदाशिव_पेठ_६८:
थांबण्याबद्दल एका निवृत्त माणसाचं ऐका. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना म्हणून १९८८ साली इथे पुण्यात सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली. आपल्या लोकांनी सर्वोत्तम चिपची वाट पाहिली नाही. बाजारात मिळणारे इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर (एकमेकांना जोडता येणाऱ्या चिप) जोडून १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

आणि भाव उतरतोच असंही नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. तेव्हा थांबलेल्यांना तीच डीडीआर५ रॅम महाग पडली. कॉलेज सुरू होणार असेल तर आज घ्या.

हडपसर_व्हिडिओवाला:
काकांचं थांबण्याबद्दलचं म्हणणं मान्य. मधल्या प्रोसेसरबद्दल माझं मत तेच आहे: पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चौथ्या वर्षी प्रोजेक्ट करतो, तेव्हा सहा कोर अपुरे पडतात आणि बापाला दुसऱ्यांदा विचारायची त्याला लाज वाटते. त्यापेक्षा आठ कोर आधीच बरे.

औंधची_मीनल:
सहा की आठ हे ज्याने त्याने ठरवावं. पण बिलावर नुसतं "आय-५" लिहून घेऊ नका, प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. १२४०० आणि १२४००एफ शेजारीशेजारी ठेवलेले असतात. एफवाल्यात ग्राफिक्स नाही, हडपसरकर म्हणतात ते क्विकसिंकही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार नसाल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही, आणि सील फोडल्यावर दुकानदार परत घेईलच याची खात्री नाही.