अल्बर्टाला कॅनडातून वेगळे का व्हायचे आहे?

प्रश्न : दूरचा वाचक

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात स्वतंत्र देशाच्या मागणीने २०२५ पासून पुन्हा जोर धरला आहे. एप्रिलमध्ये लिबरल पक्ष सलग चौथ्यांदा सत्तेवर आला आणि पाठोपाठ प्रांत सरकारने सार्वमतासाठी लागणाऱ्या सह्यांची अट बरीच सैल केली. फ्रेंच भाषिक क्यूबेक प्रांताची अशीच मागणी भाषेच्या आणि संस्कृतीच्या अंगाने समजते. परंतु बहुसंख्येने इंग्रजी बोलणाऱ्या आणि देशातील सधन प्रांतांत गणल्या जाणाऱ्या अल्बर्टाला परकेपणा का वाटावा? हे केवळ तेलाच्या पैशाचे भांडण आहे, असे म्हणून विषय संपवणे मला पटत नाही. जाणकारांनी या मागणीमागची कारणे सांगावीत आणि वेगळे होण्याचा युक्तिवाद कितपत टिकतो, याविषयीचे आपले मतही द्यावे.

प्रतिसाद : कॅल्गरीकर

मी बरीच वर्षे कॅल्गरीत राहतो, त्यामुळे हे गाऱ्हाणे रोजच्या बोलण्यात ऐकतो. ते तेलापेक्षा जुने आहे. अल्बर्टा आणि सस्कॅचवान हे प्रांत १९०५ मध्ये निर्माण झाले, तेव्हा ऑन्टॅरियो आणि क्यूबेक यांच्याकडे १८६७ पासून असलेला जमिनीवरचा व खनिजांवरचा हक्क त्यांना दिला गेला नाही. ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, तो १९३० पर्यंत स्वतःकडे ठेवला. शिवाय १८७९ पासूनच्या संरक्षक आयात करांमुळे प्रेअरीतील, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांतील, शेतकऱ्याला शेतीची यंत्रे पूर्वेकडच्या कारखान्यांतून चढ्या किमतीने घ्यावी लागत आणि गहू मात्र जागतिक बाजारभावाने विकावा लागे. अल्बर्टात लेड्युकजवळ मोठा तेलसाठा सापडला तो १९४७ मध्ये.

तरीही आज ज्याचे नाव हटकून निघते ते १९८० चे राष्ट्रीय ऊर्जा धोरण. त्या वर्षी फेब्रुवारीत लिबरल पक्षाचे पिएर ट्रूडो बहुमताने निवडून आले, परंतु मॅनिटोबाच्या पश्चिमेला, म्हणजे अल्बर्टातही, त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नव्हती. त्याच सरकारने ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात देशांतर्गत तेलाचा भाव जागतिक भावापेक्षा बराच खाली बांधून ठेवला आणि तेल-वायूवर नवे कर लादले. अल्बर्टाचे प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) पीटर लॉहीड यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून तेलाचे उत्पादन टप्प्याटप्प्याने घटवण्याचे जाहीर केले. पुढे मंदी आली, व्याजदर भडकले, नंतर जगभर तेलाचे भाव कोसळले आणि कर्जाचा बोजा घराच्या किमतीहून अधिक झाल्याने अनेकांनी कर्जासकट घर एका डॉलरला दुसऱ्याच्या नावे करून दिले. या पडझडीचा सगळा दोष त्या धोरणावर टाकता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्याचे घर त्या काळात गेले आहे, तो आजही आधी ओटावाचेच नाव घेतो आणि ही आठवण मुलांच्याही पदरात पडलेली आहे.

प्रतिसाद : संघराज्याचा विद्यार्थी

इतिहासापेक्षा रचनेतला दोष अधिक गंभीर आहे, असे मला वाटते. कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहातील ३४३ जागांपैकी १२२ ऑन्टॅरियोत आणि ७८ क्यूबेकमध्ये आहेत. बहुमताला १७२ लागतात आणि अल्बर्टाच्या जागा आहेत ३७. लोकसंख्येच्या हिशेबाने हे चुकीचे नाही. अशा संख्याबळाला आवर घालण्यासाठीच संघराज्यात दुसरे सभागृह असते. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा मिळतात त्या लोकसंख्येच्या मानाने, तर अमेरिकेत लहानमोठ्या प्रत्येक राज्याला दोनच मिळतात. कॅनडाची सेनेट या दोन्ही तत्त्वांत बसत नाही. तिचे सदस्य पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात, आणि अल्बर्टाला सहा जागा असताना त्याच्या सुमारे एक षष्ठांश लोकसंख्येच्या न्यू ब्रन्सविकला दहा आहेत.

बर्ट ब्राउन नावाच्या शेतकऱ्याने १९८४ मध्ये सातूच्या शेतात नांगराने प्रचंड अक्षरे कोरून सर्व प्रांतांना समान, निर्वाचित आणि परिणामकारक सेनेट द्या, नाहीतर पाहा, असा इशारा दिला होता. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या प्रेस्टन मॅनिंग यांच्या रिफॉर्म पक्षाचा आग्रहही पश्चिमेला संघराज्यात बरोबरीने आत घ्या, असाच होता. त्या दिशेने जाणारा घटनादुरुस्तीचा शार्लटटाउन करार १९९२ च्या सार्वमतात पडला; त्याच्या विरोधात अल्बर्टानेही मत दिले, हे विसरू नये. तेव्हापासून घटनादुरुस्तीचा विषय कोणताही पंतप्रधान हाती घेत नाही. आतून सुधारणा होण्याची वाट बंद असेल, तर बाहेर पडण्याची भाषा करणाऱ्याला नुसते अविवेकी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

कमी उत्पन्नाच्या प्रांतांना केंद्राकडून मिळणाऱ्या समानीकरण निधीविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. अल्बर्टाला १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यातून काही मिळालेले नाही आणि २०२१ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी ते तत्त्वच राज्यघटनेतून काढावे असे सांगितले, हे खरे. परंतु हा पैसा प्रांताच्या तिजोरीतून जात नाही. तो देशभर एकाच दराने आकारल्या जाणाऱ्या केंद्रीय करांतून दिला जातो आणि अल्बर्टातील माणसांचे उत्पन्न अधिक असल्याने त्यांचा करही अधिक भरतो.

प्रतिसाद : कायद्याच्या बाजूने

वरील प्रतिसादातील तक्रार मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये क्यूबेकच्या संदर्भात असे मत दिले की एखाद्या प्रांताला एकतर्फी फुटून निघण्याचा अधिकार नाही. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर इतरांवर वाटाघाटी करण्याचे बंधन येते. प्रश्न आणि बहुमत पुरेसे स्पष्ट आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार २००० च्या कायद्याने संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे घेतला. म्हणजे सार्वमत जिंकले, तरी ती केवळ वाटाघाटींची सुरुवात ठरते.

दुसरी अडचण मला नैतिकदृष्ट्या अधिक मोठी वाटते. अल्बर्टाची बहुतेक सर्व भूमी १८७६, १८७७ आणि १८९९ मध्ये झालेल्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या तहांखाली येते. हे तह फर्स्ट नेशन्स (तेथील मूळ रहिवाशांचे समुदाय) आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात झाले, तेव्हा अल्बर्टा हा प्रांत अस्तित्वातच नव्हता. ज्या करारात आपण पक्षकार नाही, तो बाजूला सारून त्या भूमीचा देश करण्याचा अधिकार प्रांताला कोठून मिळाला? आमचे दूरची राजधानी ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या प्रांतातील मूळ रहिवाशांचे तरी ऐकून घेतले पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये अल्बर्टातीलच न्यायालयाने स्वातंत्र्याविषयीचा प्रस्तावित प्रश्न तहांतील हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला, तेव्हा प्रांत सरकारने कायदाच बदलून वाट मोकळी केली. मला ते अत्यंत चुकीचे वाटले.

प्रतिसाद : पर्थहून

येथे पश्चिम ऑस्ट्रेलियाचे उदाहरण उपयोगी पडेल. आयात करांचा लाभ सिडनी-मेलबर्नच्या कारखान्यांना आणि भुर्दंड आमच्या शेतकऱ्यांना, ही तक्रार येथेही होती. ८ एप्रिल १९३३ च्या सार्वमतात सुमारे ६६ टक्के लोकांनी ऑस्ट्रेलियातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, आणि त्याच दिवशीच्या निवडणुकीत ते सार्वमत घेणारे सरकार पाडून वेगळे होण्यास विरोध असलेल्या मजूर पक्षाला निवडून दिले. अर्ज लंडनला गेला. केंद्राच्या संमतीविना तो विचारात घेता येत नाही, असे ब्रिटिश संसदेच्या समितीने १९३५ मध्ये ठरवले. दरम्यान कमकुवत राज्यांना किती साहाय्य द्यावे हे ठरवण्यासाठी १९३३ मध्येच अनुदान आयोग नेमला गेला. तो आजही काम करतो.

दूरचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅल्गरीकर, आज तेथील सामान्य मतदाराला नेमके काय हवे आहे, असे आपल्याला वाटते?

कॅल्गरीकर

कॅनडातच राहावे, या बाजूच्या अर्जावर २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक सह्या झाल्या, त्यामुळे सरसकट सगळ्यांना वेगळे व्हायचे आहे असे समजू नये. बहुतेकांना हवी आहे ती प्रशांत महासागरापर्यंत जाणारी पाइपलाइन आणि तेलउद्योगाविषयीचे निर्णय प्रांतात घेण्याची मुभा. नॉर्दर्न गेटवे हा पाइपलाइनचा प्रकल्प २०१६ मध्ये ओटावाने नाकारला. ट्रान्स माउंटन ही पाइपलाइन केंद्राने २०१८ मध्ये विकत घेऊन तिचा विस्तार २०२४ मध्ये पूर्ण केला, पण इथल्या लोकांना त्याचे श्रेय ओटावाला द्यावेसे वाटत नाही. नव्या पाइपलाइनविषयी नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी आणि प्रीमियर डॅनियल स्मिथ यांच्यात सामंजस्य करार झाला आहे. समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत पोहोचण्याचा हक्क आहे, परंतु त्यात पाइपलाइन धरायची असेल तर शेजारी देशाची संमती घ्यावी लागते. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारचा आणि किनाऱ्यावरील अनेक फर्स्ट नेशन्सचा या पाइपलाइनला विरोध आहे. अल्बर्टा स्वतंत्र देश झाला, तरी वाट त्यांच्याच भूमीतून जाणार आहे.