एकांकिकेचा ग्रुप झालाय, टीम कधी होणार?

तालीमवेडी: आम्ही यंदा पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला उतरतोय. पोरं सगळी एकमेकांची दोस्त, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप दिवसभर वाजत असतो, पण तालमीला सहाला बोलावलं की सात वाजले तरी निम्मी गायब. वाचनं चालू होती तोवर सगळं छान होतं, उभ्या तालमी (हालचालींसकट) सुरू झाल्या आणि रोज कुणाचं ना कुणाचं वाजतंय. लेखक आणि दिग्दर्शक शेवटावरून अडून बसलेत, बॅकस्टेजची मुलं म्हणतात आम्हाला काही कामच नाही तर येऊन करायचं काय. स्क्रिप्ट खरंच चांगलं आहे हो, असं वाया जायला नको. काय करू?

विंगेतला: भांडणांना घाबरू नका. ब्रूस टकमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९६५ मधे गटांवरचे बरेच अभ्यास एकत्र वाचून टप्पे मांडले, आधी ओळखपाळख, मग खटके, मग आपापसातले नियम ठरतात आणि मग खरं काम. तुम्ही दुसऱ्यात आहात. फक्त वाद नाटकाबद्दल चाललाय की माणसाबद्दल ते बघा. शेवट दोन्ही प्रकारे उभा करून सगळ्यांसमोर करून दाखवा, मग दिग्दर्शक ठरवेल ते फायनल, पुन्हा तो विषय कॅन्टीनमधे काढायचा नाही.

मिलीभगत: टकमनचं ठीक आहे पण त्याने वाचलेले बरेचसे अभ्यास थेरपी ग्रुपचे होते, त्यांना कुठे तारखेला पडदा उघडायचा होता! आपोआप पुढचा टप्पा येईल म्हणून बसू नका. माझ्या मते तुमचा खरा प्रॉब्लेम बॅकस्टेज आहे. लाइटवाल्याला आणि म्युझिकवालीला आजपासून स्क्रिप्टची स्वतःची कॉपी द्या, प्रत्येक तालमीला पेन्सिल घेऊन बसू देत, नट कुठे थांबतो कुठे श्वास घेतो हे त्यांना पाठ झालं पाहिजे, क्यू, म्हणजे लाइट-म्युझिक कधी द्यायचं ती खूण, काय फक्त टेक्निकल तालमीच्या दिवशी सांगून बसत नसतो. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तू, एकाच्याच ताब्यात द्या, ती त्याच्याशिवाय कुणी हलवायची नाही. आणि स्पर्धेत सेट लावायला वेळ मोजकाच मिळतो, तेव्हा वर्गातली बाकं लेव्हल (सेटमधले उंच चौथरे) समजून घड्याळ लावून सेट लावायची आणि काढायची रोज प्रॅक्टिस करा, त्यात लीड करणारा नट पण बाकं उचलणार. कोण कुठून काय उचलतं हे न बोलता व्हायला लागलं की पोरं एकमेकांवर विसंबायला लागतात, ते गप्पा मारून होत नाही.

तालीमवेडी: सेटचं उद्यापासूनच करते! पण उशिरा येणाऱ्यांचं काय? ओरडून झालं, दंड लावून झाला.

विंगेतला: ज्याच्यावाचून अडतं तो वेळेत येतो. सहाला जे हजर असतील त्यांचेच प्रवेश सुरू करा, गैरहजर माणसाच्या जागी बॅकस्टेजचं कुणीतरी उभं राहून वाक्य वाचू दे. त्याने त्यांनाही नाटक आतून कळतं, आणि भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर उभं राहू शकेल असं माणूस तयार असतं. वादाचं म्हणाल तर लेखकाला रोज तालमीला बोलवू नका, चार-पाच दिवसांनी सलग रन-थ्रू दाखवा.

मिलीभगत: +१, आणि रन-थ्रूनंतर आधी बॅकस्टेजला बोलू द्या, नट नंतर.