नेचाको जलाशय: चेस्लाट्टा लोकांना गाव का सोडावे लागले?

प्रश्न (जिज्ञासू_वाचक): कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील केनी धरणाविषयी वाचत आहे. डाकेल्ह, म्हणजेच कॅरियर, लोकांपैकी चेस्लाट्टा समाज ज्या तळ्याकाठी राहत होता, ते तळे मुख्य जलाशयात येतच नाही. मग १९५२ मध्ये त्यांना विस्थापित व्हावे लागले ते कशामुळे?

उत्तर (काठावरचा): याचे कारण धरणाच्या रचनेत आहे. किटिमॅट येथील अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला वीज मिळावी म्हणून अ‍ॅल्कन कंपनीने पूर्वेकडे वाहणारी नेचाको नदी अडवली आणि तिचे पाणी सुमारे १६ किलोमीटरच्या बोगद्यातून पश्चिमेला केमानो वीजगृहाकडे वळवले. (कोयनेचा नकाशा डोळ्यांसमोर आणल्यास ही योजना चटकन समजते.) मात्र केनी धरणाला पाणी सोडण्यासाठी दरवाजेच ठेवले नाहीत. नेचाकोच्या खालच्या पात्रासाठी सोडायचे पाणी दूरच्या स्किन्स लेक सांडव्यातून चेस्लाट्टा नदीत उतरते आणि चेस्लाट्टा व मरे या तळ्यांतून पुढे जाते. त्या लहानशा नदीला एवढा विसर्ग पेलणार कसा? तिचे काठ खचले आणि तळ्याकाठच्या दफनभूमींतील कबरी वाहून गेल्या.

उत्तर (उत्तररेषा): स्थलांतराची रीतही सांगायला हवी. एप्रिलमध्ये, ऐन बर्फ वितळण्याच्या दिवसांत, अल्पशा मुदतीत कुटुंबांना उत्तरेकडे ग्रासी प्लेन्स भागात जावे लागले. मागे राहिलेली घरे जाळण्यात आली. याला पुनर्वसन म्हणणे मला तरी जमत नाही. मुख्य जलाशयात ऊट्सासारखी तळी एकमेकांत मिसळली आणि काठचे जंगल न तोडताच पाणी चढवल्यामुळे बुडालेले वृक्ष होड्यांना धोक्याचे ठरले.

जिज्ञासू_वाचक: खालच्या अंगाला राहणाऱ्या डाकेल्ह गावांचे काय झाले?

उत्तर (काठावरचा): तिथे पाणी घटले. नेचाकोतील पांढऱ्या स्टर्जन माशाची नवी पिढी पुरेशी तगत नाही. साईकुझ आणि स्टेलाटेन समाजांच्या दाव्यात, नदीच्या नियमनामुळे त्यांच्या मासेमारीच्या हक्काला बाधा पोहोचल्याचे न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले. परंतु कंपनीने शासनाच्या परवानगीनेच धरण चालवले असल्यामुळे तिला जबाबदार धरले नाही. शिवाय, सॉकाय सामन माशांसाठी नेचाकोचे पाणी थंड राहावे म्हणून उन्हाळ्यात जो जादा विसर्ग करतात, तोही चेस्लाट्टातूनच जातो. केनी धरणापाशीच पाणी सोडण्याची सोय करावी, ही चेस्लाट्टांची मागणी म्हणूनच जुनी आहे.