गावाला अँब्युलन्स द्यायची का?

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत पाटणच्या वरच्या अंगाला एक अँब्युलन्स घेऊन द्यावी, असं कमिटीत चाललंय. त्या भागातल्यांनी मत कळवा.
— सेक्रेटरी

---

ताई,
माझं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, म्हणून लिहितो. लहानपणी आमची अँब्युलन्स म्हणजे झोळी. कळकाला घोंगडं बांधायचं, आत पेशंट, ओढा आला की खांदेपालट. आजीला नेली तेव्हा बारा गडी होते. चौघं खांद्याला, बाकीचे पाळीला. शिवसागराच्या पलीकडचे लोक तर आधी लाँचनं बामणोलीला यायचे, मग पुढचं. नंतर जीप आल्या. रात्री दोनला दार वाजवलं तरी जीपवाला उठायचा, गावचाच ना तो.

मग एका दात्यानं गाडी दिली. नारळ फुटला, फोटो निघाले. ड्रायव्हरचा पगार कुणी द्यायचा हे मात्र कुणी बोललं नाही. त्यात एकदा तिच्यातून मयत आणली, आणि बाळंतिणीला त्यात घालायला घरचे तयार होईनात. दीड वर्षात गाडी चावडीमागं, टायर बसलेले, मागच्या सीटखाली कोंबडी अंड्यांवर.

२०१४ पासून १०८ आहे. सुरुवातीलाच राज्यभर ९३७ गाड्या, आत डॉक्टर, पेशंटला पैसे पडत नाहीत. अडतं ते वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत. तिथं कुठलीच गाडी चढत नाही, आपलीही चढणार नाही.
— अण्णा

---

अण्णा, मयतीचं वाचून गंमत वाटली. इथे अमेरिकेतही १९६० च्या दशकापर्यंत कित्येक गावांत अँब्युलन्स चालवायचे ते अंत्यसंस्कारवाले. माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची!

मी दर मंगळवारी रात्री आमच्या टाउनच्या व्हॉलंटियर स्क्वॉडवर असते. ही पद्धत आमच्या व्हर्जिनियातलीच. ज्युलियन वाइज नावाच्या माणसानं लहानपणी रोआनोक नदीत दोघांना बुडताना पाहिलं. काठावर माणसं होती, पण वाचवायचं कसं हे एकालाही ठाऊक नव्हतं. १९२८ साली त्यानं सोबती गोळा करून पथक काढलं. माझं मत असं, की माणसं शिकवा. घडीची दोन स्ट्रेचर द्या, रक्त थांबवणं, छाती दाबणं, मोडलेला पाय बांधणं शिकवा. रस्त्यापर्यंत आपली पोरं, पुढे १०८.
— मंगळवारवाली

---

पटलं. अण्णा, गावातली वीस-बावीस वर्षांची बारा पोरं सुचवा.
— सेक्रेटरी

---

ताई, बारा कुठली? निम्मी मुंबईला माथाडीत, बाकीची पुण्याला कंपनीत. यात्रेला या, सगळी भेटतील. ढोल वाजवतील, तिसऱ्या दिवशी एसटीत बसतील. बारा महिने गावात असतात त्या बायका. बचत गटाच्या सोमवारच्या मीटिंगला वीसेक जणी येतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढणाऱ्या आहेत, स्ट्रेचर काय जड जाणार! यादी त्यांचीच पाठवतो. फक्त शिकवणारा दुपारी दोननंतर पाठवा, सकाळी सगळ्या रानात असतात.
— अण्णा